मेंढरं आडवी आली तर कुठं थांबशील

टेम्पोच्या वेगाचा काटा शून्यावर मेलेला होता. मी कामाला लागायच्या आधीच मेलेला. दादांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "त्याच्याकडं बघू नगंस. त्यो शोभेला हाय."

दादा म्हणजे टेम्पोचे मालक. कऱ्हाटीच्या शिवारात त्यांची विहीर, विहिरीवर टोमॅटो आणि वांगी, आणि तो माल बारामतीच्या मार्केटला, कधी इंदापूरकडच्या आठवडी बाजारांना पोचवणं हे माझं काम. नव्वदनंतरची ती चार-पाच वर्षं मी त्या रस्त्यांवर काढली.

मी तिकडचा नाही. आमचं गाव गोंदियाच्याही पलीकडं, जंगलाला टेकलेलं. सातवीनंतर शाळा राहिली आणि मी ट्रकवर लागलो, तिथंच गाडी शिकलो, लायसन काढलं. भाताची पोती घेऊन एकदा बारामतीपर्यंत आलो, आणि मालकानं ट्रक बारामतीतच विकून टाकला. ट्रकबरोबर ड्रायव्हर विकत नाहीत, त्यामुळे मी स्टँडवर उरलो. तिथं दादांनी एका चहावाल्याला "कोण गाडी चालवणारं हाय का" असं विचारलेलं मी ऐकलं आणि उठून उभा राहिलो. एवढीच माझी मुलाखत. पंपाच्या खोलीशेजारी मला जागा मिळाली. वहिनींना कळलं की हा भाताचा माणूस आहे, बाजरीची भाकरी याच्या घशात अडकते. तेव्हापासून संध्याकाळी त्या माझ्यापुरता मूठभर भात टाकायच्या. न सांगता. त्या भाताचं ओझं मला टोमॅटोच्या क्रेटपेक्षा जास्त वाटायचं. या लोकांची गाडी माझ्या हातून कुठं आपटली तर? रोज सकाळी निघण्याआधी मी टेम्पोला दोन फेऱ्या मारायचो, चाकं चाचपायचो. दादा ओट्यावरून ओरडायचे, "आरं, देवाला प्रदक्षिणा झाली आसंल तर निघा आता!"

आणि दादांचे वडील, आबा. वय सत्तरीच्या पुढचं, गुडघा धरलेला, पण पाठ ताठ. उभा जन्म त्यांनी मेंढरांमागं काढला होता. शेती, विहीर हे सगळं दादांच्या हातचं. आबांच्या लेखी पूर्वेकडचा सगळा मुलूख म्हणजे वऱ्हाड, म्हणून मी वऱ्हाडी. "आबा, आमचं गाव वऱ्हाडात नाही जी," असं मी सुरुवातीला सांगायचो. मग सोडून दिलं. मी चुकून "का"च्या ऐवजी "काहून" म्हणालो की ते दिवसभर मला "काहून रं?" म्हणून हाका मारायचे.

आबा मोटारीत बसत नसत. आमच्या टेम्पोत नाही, एस्टीत नाही, कुणाच्या जीपमध्ये नाही. चालत जमेल तिथं जायचे, आणि गुडघ्यानं दगा दिल्यापासून कुठंच जायचे नाहीत. दादांनी मला कारण सांगितलं. फार वर्षांपूर्वी आबांचा कळप रस्ता ओलांडत होता. निम्मी मेंढरं पलीकडं गेली, मध्ये फट पडली. समोरून आलेल्या ट्रकवाल्याला वाटलं, झालं, आपल्याला वाट दिली. त्यानं हॉर्न दाबत त्या फटीत गाडी घातली. आणि मागची सगळी मेंढरं पुढच्यांच्या मागं धावली, सरळ चाकांखाली.

आमच्याकडं गाईगुरं हॉर्न ऐकून बाजूला होतात. मला हे नवीनच होतं.

"मेंढराला मोकळी जागा कळत न्हाय," आबा मला म्हणाले, "म्होरल्याची शेपूट कळती. एक गेलं की समदी जात्यात. म्होरं पान्याचा आड आसूंदे न्हायतर जळता इस्तू आसूंदे."

हे सगळं निघालं ते ताईंमुळे. ताई म्हणजे आबांची धाकटी लेक. इंदापूर तालुक्यात कळंबला दिलेली. त्यांनी नवीन घर बांधलं होतं आणि दिवाळीनंतर घरभरणी होती. त्यांचा निरोप आला: आबा आल्याशिवाय मी घरात पाय टाकणार नाही. सामान जुन्या छपरात पडून राहू दे, मी बी तिथंच राहीन. निरोप घेऊन आलेला त्यांचा दीर आमच्या ओट्यावर बसून हसत होता, पण वहिनी हसल्या नाहीत. "ती बोलल्यालं करती," त्या म्हणाल्या. "आबांचीच लेक हाय."

कऱ्हाटी ते कळंब म्हणजे बारामती ओलांडून पलीकडं, या गुडघ्यानं चालायचं अंतर नव्हे. बैल केव्हाच विकलेले. दादांनी आबांची पुष्कळ मनधरणी केली. आबा काठीनं मातीत रेघा ओढत बसले, आणि मग एकदम माझ्याकडं वळले.

"ए वऱ्हाडी. मेंढरं आडवी आली तर कुठं थांबशील?"

"ब्रेक मारीन ना आबा."

"त्ये इचारलं न्हाय. कुठं थांबशील?"

इतकी वर्षं गाडी चालवत होतो, पण ब्रेक दाबल्यावर गाडी कुठं जाऊन उभी राहते हे मी कधी मोजलं नव्हतं. थांबते, एवढंच माहीत.

"ह्येला म्हाईत न्हाय," आबा दादांना म्हणाले, "आन् मी बसू व्हय ह्येच्या शेजारी?"

त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. भीती होतीच. ताईंचं घर माझ्यामुळं अडून राहिलं असं वाटायला लागलं. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. नेमकं किती वेगानं जायचं असतं? आमच्या गावच्या जंगलातल्या रस्त्यावर पिवळी पाटी होती, 'हळू चला'. किती हळू ते नव्हतं, पण निदान पाटी होती. इथं मोरगावपासून बारामतीपर्यंत आणि पुढं इंदापूरपर्यंत मैलाचे दगड सांगायचे की गाव किती लांब आहे. कुणीच सांगायचं नाही की तिथं किती वेगानं जा. कायद्याच्या पुस्तकात आकडा असणारच. पण ते पुस्तक रस्त्यावर उभं नव्हतं.

मी विचारत सुटलो. मार्केटमधला एक जुना ट्रकवाला म्हणाला, "गाडी सांगती. थरथराय लागली की कमी करायची." म्हणजे नवीन गाडी असेल तर? एका जीपवाल्यानं मलाच विचारलं, "तुला कुणी पकडलं का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मंग पळीव की लेका!" दादांचं उत्तर सगळ्यात सोपं: "माल गरम व्हायच्या आत पोचला पायजे." एस्टीचे एक ड्रायव्हर तेवढे चहा पिता पिता थांबले. "आमाला टायमाचं बंधन आसतं," ते म्हणाले, "म्हंजी आमचा येग ठरीवतंय आमचं टायमटेबल." आणि स्वतःच चमकून एस्टीकडं निघाले.

मग मी मोजायचं ठरवलं.

काटा मेलेला, पण रस्त्यावर किलोमीटरचे दगड होते आणि दादांच्या मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ. दगड ते दगड एक मिनिट लागलं तर ताशी साठ. दोन मिनिटं लागली तर तीस. सातवीच्या गणितात एवढं बसत होतं. मोरगावच्या बाजूला रस्ता सरळ, दोन्हीकडं उघडं माळरान, ज्वारीची धाटं, कुठंतरी शेळ्या. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला तिथं वर्दळ नसायची. रस्त्याच्या कडेला मी एक रिकामं गोणपाट पसरलं. एक वेग धरून यायचं, गोणपाट चाकाशी आलं की ब्रेक दाबायचा, गाडी उभी राहिली की उतरून पावलं मोजत मागं जायचं.

पहिल्या दिवशी दादा घड्याळासाठी सोबत आले. म्हणजे घड्याळ द्यायला तयार नव्हते, म्हणून स्वतःही आले. दुसऱ्या खेपेला बघतो तर आबा काठी टेकत बांधावरून रस्त्याकडं येत होते. घरापासून तेवढं ते चालू शकायचे. गाडीपासून लांब, बाभळीखाली बसले.

तीसच्या वेगाला गाडी जिथं थांबली तिथं आबांनी एक दगड ठेवला. साठच्या वेगाला किती जाईल? मी म्हणालो, दुप्पट. दादा म्हणाले, दुप्पट. आबांनी दुसरा दगड हाताशी घेतला.

गाडी दुप्पट गेली, आणि पुढं गेली, आणि आणखी पुढं गेली. मी सीटवरून अर्धा उठून ब्रेकवर उभा राहिलो होतो. उतरून पावलं मोजली तर तिपटीच्या आसपास. आबांनी दुसरा दगड तिथं ठेवला. मी पुन्हा मोजली.

"ब्रेक मारला न्हाईस तू," दादा म्हणाले.

"मारला जी दादा."

"झोपला व्हतास."

पुन्हा केलं. तेच. दादांनी स्वतः चालवून बघितली. ते माझ्यापेक्षाही पुढं गेले आणि उतरून ब्रेकच्या पायपा तपासायला लागले. मला मात्र गंमत वाटायला लागली होती. वेग दुप्पट केला की थांबायची जागा दुप्पट व्हायला हवी, असं कुणालाही वाटेल. ती तिप्पट होते हे कुणी ठरवलं? शाळेत पुढं गेलो असतो तर कदाचित कुणीतरी फळ्यावर समजावलं असतं. इथं ते माळावर दगड ठेवून कळत होतं, आणि कळल्यावर आदल्या आठवड्यात मी बारामतीला कसा पळत गेलो होतो ते आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी माल भरून केलं; चाळीसला भरली गाडी जिथं थांबली तिथं आबांचा तिसरा दगड. माल भरल्यावर गाडी आणखी लांब जाते हे कळलं, आणि क्रेट दोरीनं किती आवळावे लागतात हेही. वरचे दोन क्रेट केबिनवर येऊन आपटले. त्या रात्री घरात टोमॅटोचं सार झालं, दुसऱ्या दिवशी चटणी, तिसऱ्या दिवशी पुन्हा सार. वहिनी वाढताना म्हणाल्या, "आता वांगी भरून बघा. भरीत करायचंच हाय."

मला वाटलं, उत्तर मिळालं. मी आबांना जाऊन सांगितलं, "चाळीसनं चालवीन आबा. भरलेली असो, रिकामी असो. चाळीसला गाडी त्या तिसऱ्या दगडाच्या आत उभी राहते."

आबांनी मान हलवली, पण हो म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले.

आणि बरं झालं. कारण त्याच आठवड्यात मी वांगी घेऊन इंदापूरच्या रस्त्याला गेलो, नेटका चाळीस धरून, आणि बारामतीच्या पुढं माझा हिशेब कोलमडला. तिथं कालव्याचं पाणी आहे. रस्ता आमच्या माळापेक्षा गुळगुळीत, पण दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, अगदी डांबराला टेकलेला. वळण आलं की पुढं फक्त हिरवी भिंत. चाळीसला माझी गाडी तिसऱ्या दगडाच्या आत थांबते खरी. पण वळणावर मला पहिल्या दगडाएवढंसुद्धा दिसत नव्हतं. भिंतीमागं बैलगाडी उभी असेल तर चाळीस काय कामाचे? मी वळणावर वीसवर आलो. मागून जीपवाल्यानं हॉर्नचा सपाटा लावला, बाजूनं निघून गेला, जाताना खिडकीतून ओरडला, "पोटुशी हाय का गाडी?"

वांगी उतरवून परत येताना मी अख्खा रस्ता तेच करत आलो: बघायचं, किती दिसतंय, आणि मग ठरवायचं, किती पळायचं. ऊस संपून माळ लागला की उलट. तिथं एवढं लांब दिसायचं की साठलाही मन घाबरत नव्हतं. म्हणजे आकडा असा नव्हताच. घाईघाईनं घरी आलो, आबा गोठ्यापुढं बसले होते.

"आबा, चाळीस नाही."

"मंग किती?"

"आकडा नाही जी. जिथवर दिसते तेवढ्याच्या आत थांबीन. दिसत नसेल तर जाणारच नाही तेवढं जोरात."

आबांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "दिसतं म्हंजी रस्ता दिसतो, का रस्त्यावर येनारं दिसतं?"

मी म्हणालो, "येणारं."

"मंग सांग तुझ्या दादाला. माझं धोतार धुवाय टाकाय सांग."

घरभरणीच्या दिवशी सकाळी आबा केबिनमध्ये बसले. बसायलाच बराच वेळ लागला. घोंगडं मांडीवर, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये, एका हातानं दाराची कडी धरलेली. दादा आणि वहिनी मागं हौद्यात, घरभरणीच्या सामानाबरोबर. मी किल्ली फिरवली तेव्हा आबांनी डोळे मिटले. गावाबाहेर येईपर्यंत मी इतका हळू चाललो की एक सायकलवाला बराच वेळ आमच्या सोबत गप्पा मारत आला.

माळ लागला. लांबपर्यंत काही नव्हतं, मी वेग धरला. आबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. खिडकीतून वारा आत येत होता, त्यांच्या मुंडाशाचं टोक फडफडत होतं. थोड्या वेळानं ते म्हणाले,

"येवढंच पळतंय व्हय ह्ये?"

मी सवयीनं काट्याकडं बघितलं, तो शून्यावरच.

"आमची घोडी बरी व्हती की. बिऱ्हाड लादून बी पळायची. वाढीव!"

मागच्या खिडकीवर दादांचा तळहात आपटला. "काय म्हंत्यात?"

"वाढीव म्हणतात!"

दादांचं हसू मला हौद्यातून ऐकू आलं.

मी थोडा वाढवला. आबांनी तोंडानं मेंढरांना हाकायचा आवाज काढला, हिर्रर, हिर्रर. माझी पंचाईत झाली. ज्या माणसासाठी हळू चालवायला शिकलो तोच पळव म्हणतोय. नाही म्हटलं आणि रुसले तर? बारामतीत नाक्यावर थांबलो तर त्यांनी शेजारच्या ट्रकवाल्याला विचारलं, "तुमची किती पळती वो?"

बारामतीच्या पुढं ऊस सुरू झाला. पहिलं वळण, मी वीसवर आलो.

"काय झालं?"

"दिसत नाही आबा."

वळण संपलं. पुढं रस्ता रिकामा. आबांनी माझ्याकडं बघितलं. दुसरं वळण, पुन्हा वीस, पुन्हा रिकामा. "काय न्हाय की रं," आबा म्हणाले. तिसऱ्यालाही काही नाही. चौथ्या वळणानंतर ते खोचक झाले. "वऱ्हाडी, तुज्या वऱ्हाडातलं वाघ हितं येत न्हाईत." मागून जीप गेली, मोटारसायकल गेली, एक नवरा-नवरी बसलेली गाडी गेली. आम्ही आपले प्रत्येक हिरव्या भिंतीपाशी दबकत. माझे कान तापले होते. कुठल्यातरी एका वळणाआड काहीतरी असावं, एखादी बैलगाडी, एखादी म्हैस, असं मला चक्क वाटायला लागलं. म्हणजे मी बरोबर होतो असं तरी दिसलं असतं. मग वाटलं, हे काय मागतोय आपण?

कळंबपर्यंत काहीही आडवं आलं नाही. चिमणीसुद्धा नाही.

ताई नव्या घराच्या दारात नव्हत्या. जुन्या छपरापुढंच उभ्या होत्या, बोलल्याप्रमाणे. टेम्पोतून आबा उतरताना दिसले तशा धावल्या, आणि अर्ध्या वाटेत थांबून पदर तोंडावर घेतला. आबांनी काठी टेकून अवतीभवती बघितलं, सगळे पाहुणे ऐकतील असं म्हणाले, "वाटंला चिटपाखरू न्हवतं. तरी ह्यो गडी चोर शिरल्यागत वाकून वाकून बघत आला!"

सगळे हसले. मीही हसलो, मान खाली घालून.

ताई डोळे पुसत म्हणाल्या, "मग नीट आलाव न्हवं आबा?"

आबा ताईंचा हात धरून नव्या उंबऱ्याकडं चालायला लागले. घरात आधी लेक, तिच्या मागं बाप, मग बाकीची आम्ही सगळी, एकामागं एक. पंगतीत ताईंनी मला पुरणपोळीबरोबर वेगळा भात वाढला. वहिनींनी सांगितलं असणार.

दुपारी परत निघालो. आबा दाराला टेकून बसले. मला वाटलं, जेवण जास्त झालं. उसातलं पहिलं वळण यायच्या आधी, मी ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी, आबांनी मांडीवरचा तळहात उचलला. थोडासाच, कळपापुढं चालणारा माणूस मागच्यांना दाखवतो तसा. मी हळू केलं. वळण गेलं, पुढं रिकामं, हात खाली. पुढच्या वळणाला पुन्हा हात वर. बारामतीपर्यंत त्यांनी एकही वळण चुकवलं नाही. माळ लागल्यावर म्हणाले, "आता सोड तिला," आणि मान छातीवर टाकून झोपले. घरापाशी आलो तरी उठेनात. दादा दार उघडून उभे राहिले, मला खूण केली: राहू दे थोडा वेळ.

त्यानंतर आबा बऱ्याचदा कळंबला आले. उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा गेलो तेव्हा कारखान्याला ऊस तुटून गेला होता. आमचं ते पहिलं वळण आलं, सवयीनं मी पाय उचलला, तर आबांचा हात मांडीवरून उठलाच नाही. वळणाच्या पलीकडचा रस्ता, त्याच्या पलीकडचं शेत, शेतातली बाई, सगळं उघडं दिसत होतं. रस्ता तोच, गाडी तीच, वळणही तेच. "हितनं जाऊंदे की," आबा म्हणाले, "आज समदं दिसतंय."

मी पुढं माझ्या गावाकडं परतलो. त्या रस्त्यावर आता वेगाच्या पाट्या लावल्यात म्हणे. चांगलंच आहे. मला फक्त एक बघायचंय, कधी गेलो तर: वळणावरच्या पाटीचा आकडा ऊस उभा असताना आणि ऊस तुटल्यावर एकच असतो, की कुणी येऊन बदलतं.